गैरहजरांचा रोबोट

प्रयोगशाळा सहायक म्हणजे नेमकं काय, हे मला लग्नाआधी बघायला आलेल्या मंडळींना सांगता आलं नव्हतं. निवृत्तीच्या कागदांवर सह्या घेणाऱ्या कारकुनालाही सांगता आलं नाही. शिकवतात ते सर, शिकतात ती पोरं. त्या दोघांच्या मधे एक टेबल असतं. त्या टेबलावरची धूळ पुसणारी, वायरी जोडून देणारी, फ्यूज उडाला की सगळ्यात आधी बोलणी खाणारी आणि संध्याकाळी सगळं सामान मोजून कपाटात ठेवणारी, ती मी. बोरकुटे मॅडम. राहायला भद्रावती, नोकरीला चंद्रपूरच्या बाहेरचं एक इंजिनिअरिंग कॉलेज आणि दोहोंच्या मधे एसटी.

आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक केलेली आमच्या तुकडीतली मी एकटी मुलगी. नोकरीची पंचवीसेक वर्षं मोटारी, मीटर आणि ट्रान्सफॉर्मर यांच्यात गेली. मग थोडी वर्षं उरली असताना आमच्या अध्यक्षसाहेबांना भविष्य दिसलं. ते त्यांना पुण्याच्या एका प्रदर्शनात दिसलं. परत आल्याबरोबर त्यांनी जाहीर केलं की पुढच्या वर्षापासून आपल्याकडे रोबोटिक्सची शाखा सुरू. विभागप्रमुख म्हणून राऊत सरांना नेमलं. राऊत सर म्हणजे जन्मभर बॉयलर शिकवलेला सज्जन माणूस. ते आदल्या दिवशी धडा वाचून यायचे आणि वर्गात तसं सांगूनही टाकायचे, "पोरांनो, मला इथपर्यंत कळलं आहे. पुढचं सोमवारी." असा प्रामाणिक प्राध्यापक मी दुसरा पाहिला नाही. सहायक म्हणून मला पाठवलं, कारण इलेक्ट्रिकलच्या प्रयोगशाळेत त्या वर्षी पोरंच आली नव्हती.

रोबोट म्हटलं की लोकांना डोकं, डोळे आणि चालणारे पाय दिसतात. कारखान्यातला रोबोट तसा नसतो. तो म्हणजे नुसता एक हात. त्याला सहा सांधे असतात: कंबर, खांदा, कोपर आणि तीन मनगटात. हातात धरायचा एक जाडसर कंट्रोलर असतो, त्यावरची बटणं दाबून त्याला हळूहळू एका जागी न्यायचं आणि सांगायचं की ही जागा लक्षात ठेव. मग दुसरी जागा, मग तिसरी. नंतर तो त्याच जागांवरून दिवसभर फिरतो. त्याला काही दिसत नाही, काही समजत नाही. आपण नेलं तिथे जातो. याला त्या धंद्यात 'रोबोटाला शिकवणं' म्हणतात. आमच्याकडे पोरांना शिकवणंही साधारण असंच होतं.

पहिल्या वर्षाच्या पोरांना एक छोटी गाडी करायला देतात. गाडीच्या पोटाखाली डोळा असतो. पांढऱ्या फ्लेक्सवर काळी पट्टी चिकटवली की गाडी ती पट्टी धरून चालते. पुस्तकात हे फार सोपं आहे, पण पुस्तक लिहिणारा कधी घुग्घुसकडच्या वाऱ्यात राहिलेला नसावा. आमच्या हॉलच्या खिडक्या कोळशाच्या ट्रकांच्या रस्त्याकडे. सकाळी पांढरा अंथरलेला फ्लेक्स जेवणाच्या सुट्टीपर्यंत करडा व्हायचा. मग गाडीला सगळीकडेच पट्टी दिसायला लागायची आणि ती हॉलभर भटकायची. मी दर तासाला ओल्या फडक्याने फ्लेक्स पुसत असे. रोबोटिक्समधलं माझं पहिलं काम ते.

दुसऱ्या वर्षी हात आला. नारिंगी रंगाचा, माझ्या खांद्याएवढा उंच. सोबत कंपनीचा एक तरुण इंजिनिअर आला. दोन दिवसांत त्याला हात बसवायचा होता, चालवून दाखवायचा होता आणि उद्घाटनही करून द्यायचं होतं. अध्यक्षसाहेबांची इच्छा अशी की प्रमुख पाहुण्यांना हार रोबोटानेच घालावा. इंजिनिअरने तालमीसाठी आमच्या शिपायाला, मधुकरभाऊंना, समोर उभं केलं. मधुकरभाऊ सहा फूट उंच. हाताने खोक्यातून हार उचलायचा, पुढे यायचं, मधुकरभाऊंच्या गळ्यात घालायचा, बोटं उघडायची आणि परत जायचं. दिवसभर तालीम झाली. मधुकरभाऊ म्हणाले, "लग्नातबी एवढे हार नाई पडले जी मले."

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले ते मधुकरभाऊंपेक्षा वीतभर बुटके आणि डोक्याला फेटा. रोबोटाला पाहुणे दिसत नव्हते. त्याला ठाऊक होती ती फक्त मधुकरभाऊंची मान, आणि त्या उंचीवर आता फेटा होता. हाताने तिथे नेमाने हार सोडला. माघारी निघताना बोटांत फेट्याचा तुरा अडकला. हात शांतपणे फेटा उलगडत मागे गेला आणि तो त्याने हाराच्या खोक्यात ठेवला. एकाही ठिकाणी चुकला नाही. मागच्या रांगांना वाटलं कार्यक्रमातच आहे, त्यांनी टाळ्या वाजवल्या. पाहुणे हसले. अध्यक्षसाहेब हसले नाहीत.

आठवड्याभरात हाताभोवती काचेची खोली झाली. तिला कुलूप लागलं. प्राचार्यांच्या लेखी परवानगीशिवाय यंत्र चालवू नये, असा कागद भिंतीवर आला. परवानगी कोणी मागितली नाही, त्यामुळे कोणी नाकारलीही नाही. खोली उघडायची ती वर्षातून एकदा, दसऱ्याला. मधुकरभाऊ हाताला हळदकुंकू लावायचे, झेंडूचा हार घालायचे, राऊत सर नारळ फोडायचे. पोरं रांगेने नमस्कार करून बाहेर पडायची.

पण तिसऱ्या वर्षाच्या अभ्यासक्रमात त्या हातावरची आठ प्रात्यक्षिकं होती. त्यांचं काय करायचं? राऊत सर फळ्यावर हाताचं चित्र काढायचे, कॉम्प्युटरवर त्याची हालचाल दाखवायचे. अंशांचे आकडे पहिल्या बॅचने कंपनीच्या माहितीपत्रकातून आणि थोडे मनाने लिहिले. दुसऱ्या बॅचने पहिलीच्या जर्नलवरून उतरवले, तिसरीने दुसरीच्या. हजेरीची वही माझ्याकडे. 'प्रयोग केला' या रकान्यात पोरं सही करायची. मी एकही खोटी सही केली नाही. मी फक्त वही पुढे सरकवत असे.

त्या दिवसांत कोरपन्याकडचे एक कापूसवाले शेतकरी पोरीला प्रवेश घ्यायला आले. काचेला नाक लावून त्यांनी बराच वेळ हात पाहिला आणि राऊत सरांना विचारलं, "किती किलो उचलते हा?"

सर अभिमानाने म्हणाले, "पाच किलो."

"दिवसाचे?"

"नाही हो, एका वेळी."

"अन् दिवसाचे किती?"

सरांना ते माहीत नव्हतं. तो हात एक दिवसही चालला नव्हता. शेतकरी म्हणाले, "आमच्या वावरातली बाई चाळीस किलो कापूस वेचते. अन् डबा घरून आणते." पोरीला त्यांनी सिव्हिलला घातलं.

ललिता नरोटे चौथ्या बॅचमधली. एटापल्लीच्या पलीकडचं गाव, जिथे एसटी पोचते तिथून पुढे पायी. घरी धानाची थोडी शेती, बाकी जंगलावर. घरात गोंडी बोलायचे. मराठी ती आश्रमशाळेत शिकली आणि कॉलेजात आमच्या पोरांचं ऐकून तिने ती सैल केली. ती काही फार हुशार म्हणून गणली जात नव्हती. बाक मधला, मार्कही मधले. पण तिला एक खोड होती. लिहिलेलं ती वाचायची.

मी जर्नलवर शिक्के मारत होते. तिच्या पाचव्या प्रयोगात एक रकाना कोरा होता. मी म्हटलं, "हे रीडिंग राहिलं तुझं. शेजारणीचं बघ, दोनशे दहा अंश."

"ते मी नाई लिहिलं, मॅडम."

"का?"

"मनगट एकशे वीसच्या पुढं जातच नाई. माहितीपत्रकात लिहून आहे. दोनशे दहा केलं तं मोडून जाईल."

मी जुनी जर्नलं काढून पाहिली. पहिल्या बॅचमधल्या कोणीतरी घाईत एकशे वीसमधले एक आणि दोन उलटसुलट लिहिले होते. त्यानंतर तीन बॅचेस आमच्या हाताचं मनगट दोनशे दहा अंशांत मोडून त्याबद्दल पूर्ण मार्क घेत होत्या. राऊत सरांनी प्रत्येकावर सही केली होती, मी प्रत्येकावर शिक्का मारला होता. मी ललिताला म्हटलं, "बरं, एकशे वीस लिही." तिने लिहिलं नाही. म्हणाली, "आपण पाह्यलं कुठी?" रकाना कोराच राहिला. मी त्यावर शिक्का मारला, कारण शिक्का मारायला रकाना लागत नाही.

त्याच हिवाळ्यात शाखेची मान्यता पुढे चालू ठेवायची की नाही ते बघायला समिती आली. मला काच पुसायला सांगितलं. पोरं इस्त्रीच्या कपड्यांत काचेशी ओळीने उभी. समितीत एक वयस्कर सर होते. त्यांनी हाताकडे पाहिलं, वही चाळली आणि ओळीतल्या समोरच्याच पोरीला सहज विचारलं, "काय, यावर काम केलंय ना?" ती पोरगी ललिता होती.

"नाई सर," ती म्हणाली. "दसऱ्याले पाह्यलं होतं. हार घातला तेव्हा."

प्राचार्य माझ्याकडे पाहत होते. वयस्कर सर माझ्याकडे वळले. "मॅडम, वहीत तर सगळ्यांनी प्रयोग केल्याचं दिसतंय?"

मला दोन सेकंद मिळाले असतील. त्यात मी काय काय विचार केला हे आता सांगून उपयोग नाही. मी म्हटलं, "सर, ती गैरहजर असते. लांबून येते, गावाकडे गेली की लवकर परतत नाही."

सरांनी मान हलवली. त्यांना ते पटलं. मी ते का म्हटलं असेन, यापेक्षा त्यांना ते इतक्या लवकर का पटलं, हे मला नंतर जास्त लागलं. गडचिरोलीच्या जंगलातली पोरगी म्हटल्यावर कोणाला दुसरं काही विचारावंसं वाटलं नाही. मलाही त्याचा भरवसा होता, म्हणूनच ते माझ्या तोंडी आलं. ललिता माझ्याकडे पाहून राहिली. रागाने नाही, नुसतीच, माहितीपत्रक वाचावं तशी.

मान्यता मिळाली. अध्यक्षसाहेबांनी पेढे वाटले. पण आठ दिवसांनी प्राचार्यांच्या ऑफिसातून चिठ्ठी आली: समितीसमोर सहायकांनी केलेल्या विधानाशी हजेरीपत्रक जुळत नाही, तरी ते जुळते करावे. म्हणजे मी बोलले ते खरं करायचं होतं. मी लाल पेन घेतला आणि ललिताच्या नावापुढच्या आठांपैकी सहा सह्या खोडून सहा वेळा 'गै' लिहिलं. खोट्या हजेऱ्या खोडून खोट्या गैरहजेऱ्या लावल्या. तेव्हाच लक्षात आलं की एवढ्या गैरहजेऱ्या असल्यावर परीक्षेचा अर्ज भरता येत नाही. पोरीचं वर्ष गेलं.

दोन दिवस मी एसटीत बसून तिला काय सांगायचं ते जुळवत होते. तिसऱ्या दिवशी तीच आली. हातात एक अर्ज आणि कॉलेजची नियमावली. नियमावली आम्ही सगळ्यांना पहिल्या दिवशी देतो. ती वाचलेली मी पहिल्यांदा पाहिली.

"जोहार, मॅडम. हा नियम आहे ना, गैरहजर पोराले रिपीट टर्न द्या लागते म्हणून? राहिलेलं प्रॅक्टिकल परत करू द्या लागते."

"आहे."

"तं मी सहा वेळा गैरहजर आहे. मले सहा टर्न द्या."

अर्जात स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: 'मी सहा प्रात्यक्षिकांना गैरहजर असल्याचे मला कळले. तरी नियमानुसार ती प्रात्यक्षिके यंत्रावर करण्याची परवानगी मिळावी.'

राऊत सरांनी अर्ज दोनदा वाचला. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला. मग मला विचारलं, "बोरकुटे मॅडम, ही गैरहजर होती का हो?"

"'गै'खाली तुम्हीच सही केली आहे, सर."

"गैरहजर होती म्हणावं तर हात उघडावा लागतो. नव्हती म्हणावं तर समितीला काय सांगितलं?"

"तेच तर."

"म्हणजे ज्यांनी काहीच केलं नाही ते सगळे हजर, त्यांना करायची गरज नाही. आणि ही एकटी गैरहजर, तिला करावंच लागणार."

"नियम आहे, सर."

सर स्वतः उठून प्राचार्यांची सही घेऊन आले. अर्जावर शेरा होता: 'परवानगी. सहायकाच्या जबाबदारीवर.'

शनिवारी सकाळी आम्ही दोघी काचेच्या खोलीत गेलो. बाहेर सगळा वर्ग काचेला चिकटून. मी स्विच दाबला. आतला पंखा फिरला, कंट्रोलरचा पडदा उजळला आणि त्यावर लाल अक्षरांची ओळ आली. बटण दाबलं तरी लाल ओळ जाईना. हात जळाला असला तर तो माझ्या जबाबदारीवर जळाला होता, कागदावर तसं लिहिलेलं होतं.

ललिताने कपाटातून कंपनीचं जाड पुस्तक काढलं. ते अजून प्लास्टिकच्या पिशवीत होतं. पिशवी दाताने फाडून ती खाली फरशीवर बसली आणि एकेक पान लावत वाचायला लागली. अर्ध्या तासाने म्हणाली, "मॅडम, जळलं नाई. विसरलं."

"कोण विसरलं?"

"हात. कोणता सांधा कुठी आहे ते याले लक्षात ठेवा लागते. त्याच्यासाठी खाली सेल असतात. दर वर्षी बदला म्हणून लिहून आहे. आपण बंद ठेवला, सेल संपले. आता याले आपलं मनगट कुठी अन् खांदा कुठी, काहीच माईत नाई."

हाताच्या बुडाशी एक झाकण होतं. ते उघडलं तर आत चार सेल, पांढरी भुकटी धरलेले. जाडे, टॉर्चमधले असतात तसेच. तसेच म्हणजे तेच. मधुकरभाऊ दुकानातून नवे घेऊन आले आणि आत घालताना पाहून त्यांना हसू आवरेना. "एवढा मोठा रोबोट अन् सेल टार्चचे? रानडुकरं हाकलाले वावरात जागलीले जातो, तं आमी हेच घालतो जी."

सेल घातले तरी आठवण परत येत नाही. ती करून द्यावी लागते. प्रत्येक सांध्यावर दोन बारीक रेघा कोरलेल्या असतात, एक हलणाऱ्या भागावर, एक न हलणाऱ्या. सांधा अगदी हळू फिरवत दोन रेघा एकमेकींसमोर आणायच्या आणि यंत्राला सांगायचं की हे तुझं शून्य. असे सहा सांधे. मी फरशीवर आडवी होऊन टॉर्च धरत होते, ललिता बटणावर बोट ठेवून केसाएवढा केसाएवढा सांधा सरकवत होती. पाच रेघा सापडल्या. कोपराची सापडेना. पुस्तकातल्या चित्रात होती, हातावर नव्हती. तिथे कॉलेजचं बोधचिन्ह चिकटवलं होतं, उद्घाटनाच्या वेळी अध्यक्षसाहेबांनी स्वतः.

ललिताने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं. ट्रक चालले होते. मागून नखाने स्टिकर खरवडल्याचा आवाज आला.

तिथेच, पाठ फिरवलेली असतानाच, मी बोलले. समोरासमोर जमलं नसतं. "ललिता, त्या दिवशी समितीपुढे मी खोटं बोलले."

"माईत आहे, मॅडम. मी तिथंच उभी होती."

"तुझं वर्ष गेलं असतं."

"हो," ती म्हणाली. मग स्टिकर खरवडत म्हणाली, "सह्या तं मीबी केल्या होत्या. आठही." आणि मग, "टार्च जरा वर धरा."

मी टॉर्च वर धरला. तिने मला माफ केलं की नाही, ते मला आजही माहीत नाही. मी विचारलं नाही आणि ती न विचारलेलं सांगणाऱ्यांतली नाही.

दुपारी लाल ओळ गेली. ललिताने हात उचलला, खांदा उचलला, कोपर सरळ केलं. काचेबाहेर पोरं ओरडत होती, आत आवाज येत नव्हता. तिने पहिलं काम काय केलं असेल, तर मनगट वाकवत नेलं, नेलं आणि एका जागी ते आपोआप थांबलं. बटण दाबून धरलं तरी पुढे जाईना. पडद्यावर आकडा होता एकशे वीस. तिने जर्नल काढलं आणि तो कोरा रकाना भरला.

सोमवारी सकाळी मी एसटीतून उतरून येते तो प्रयोगशाळेच्या दारात रांग. सगळ्यात पुढे वर्गाचा प्रतिनिधी, बल्लारपूरचा पोरगा, ज्याने तीन वर्षांत माझ्याशी 'मॅडम, सही कुठं करू' यापलीकडे बोलणं केलं नव्हतं.

"मॅडम, मलेबी गैरहजर लावा ना."

"काय?"

"सहा नाई तं चार तरी लावा. माह्या रूमपार्टनरलेबी."

मागून एक मुलगी म्हणाली, "मॅडम, मी तं खरंच गैरहजर होती दोनदा. माह्या मावसबहिणीचं लग्न होतं. तरी माही सही आहे. हा अन्याय आहे."

मी लाल पेन काढला. नोकरीत इतक्या आनंदाने मी कधी कोणाला गैरहजर लावलं नाही. संध्याकाळपर्यंत सगळा वर्ग गैरहजर झाला, बत्तीसच्या बत्तीस. प्राचार्यांनी राऊत सरांना आणि मला बोलावून घेतलं. वही टेबलावर आपटून ते म्हणाले, "हा काय प्रकार आहे? सगळा वर्ग गैरहजर?"

मी तोंड उघडायच्या आत राऊत सर बोलले. बॉयलर शिकवणारा तो मवाळ माणूस जागचा न हलता म्हणाला, "साहेब, हजर होते तेव्हा काही शिकले नाहीत. आता गैरहजर आहेत तर शिकताहेत. राहू द्या."

प्राचार्यांनी विचारलं, "पण शेवटी वही पूर्ण होईल ना?"

"रिपीट टर्न झाल्या की होईल."

"मग ठीक आहे." त्यांची अडचण तेवढीच होती. आयुष्यभर ज्या वहीची मला धास्ती होती, ती इतकी साधी गोष्ट निघाली.

ते सहा महिने आमची खोली भाजीबाजारासारखी वाजत होती. हाताने दोन ठोकळे फोडले, काचेला एकदा तडा घातला, आणि एका पोराने त्याला खडू धरून फळ्यावर आपल्या मैत्रिणीचं नाव लिहायला शिकवलं. ते पुसायला हात शिकला नव्हता, म्हणून मी पुसलं. वार्षिक परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले. त्यांना परतीची गाडी होती. हात चालताना पाहायला ते थांबले नाहीत, सगळ्यांना दरवर्षीसारखेच मार्क देऊन गेले. कोणाला फार वाईट वाटलेलं दिसलं नाही.

ललिता चाकणला एका गाड्यांच्या कारखान्यात लागली. मुलाखतीत बाकी पोरांनी रोबोट कसा चालवतात ते पाठ म्हणून दाखवलं. हिला विचारलं, तू काय केलंस? ही म्हणाली, "आमचा हात सगळं विसरला होता. त्याले आठवण करून दिली." तिला चालवायला नाही, दुरुस्तीला घेतलं. अधूनमधून फोन येतो. बहुतेक वेळ ती तिथल्या मेसच्या भाताबद्दल बोलते, की तो भात नाही. कॉलेजच्या माहितीपत्रकावर आता तिचा फोटो आहे, हाताशेजारी उभी. 'आमची अद्ययावत प्रयोगशाळा' असं खाली लिहिलं आहे. फोटो काढला तेव्हा बोधचिन्ह नव्याने चिकटवलं, या वेळी रेघ सोडून.

इथे थांबले असते तर ही गोष्ट मला शोभून दिसली असती. पण त्या आधीच्या तीन बॅचेस उरतात. त्यांची हजेरी पूर्ण होती.

निवृत्तीच्या वर्षी चंद्रपूरच्या बसस्टँडवर एकाने हाक मारली. पहिल्या बॅचचा प्रशांत. शांत, अक्षर सुंदर, एकही प्रात्यक्षिक न चुकवलेला. कोरपन्याकडच्या एका सिमेंट कारखान्यात ट्रक तोलायच्या काट्यावर बसतो म्हणाला. गाडी भरलेली आली की वजन लिहायचं, रिकामी गेली की वजन लिहायचं. मग म्हणाला, "मॅडम, हात चालू झाला म्हणतात."

"झाला. ये एकदा."

तो आला, त्याची दुपारची पाळी होती त्या दिवशी सकाळी. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. मी कंट्रोलर त्याच्या हातात दिला. कंट्रोलरच्या मागच्या बाजूला एक खटका असतो, तो अर्धाच दाबून धरायचा. सोडला तरी हात थांबतो, घाबरून गच्च दाबला तरी थांबतो. प्रशांतने गच्च दाबला. मी सांगितलं, हलका धर. पुन्हा गच्च. तिसऱ्यांदा जमलं. हात उठला. त्याने तो लाकडी ठोकळ्यापर्यंत नेला, बोटं मिटली, ठोकळा उचलला आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवला. प्रत्येक जागा लक्षात ठेवायला सांगितली. मग सुरू करायचं बटण दाबलं आणि हाताने तेच सगळं आपलं आपण करून दाखवलं.

प्रशांत पाहत राहिला. मग म्हणाला, "एवढंच होतं काय, मॅडम?"

"हो."

"तं आमाले काऊन नाई दिलं?"

मी सांगू शकले असते. फेट्याचं, काचेचं, भिंतीवरच्या कागदाचं. सगळं सांगून झाल्यावरही त्याचा प्रश्न तिथेच राहिला असता. तीनच्या पाळीला पोचायचं तर त्याला एकची एसटी धरायला हवी होती. घड्याळ समोरच्याच भिंतीवर होतं. त्याने ते पाहिलं, मीही पाहिलं. एक वाजून गेला. तो ठोकळा या टोकाकडून त्या टोकाला ठेवत होता, त्या टोकाकडून या टोकाला आणत होता, आणि मी स्टुलावर बसून राहिले.